काजू पुढे चालते

सोमवार, ३ मे १९९९
कळंबा, कोल्हापूर

आज कामावर रुजू झाले. पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात, कनिष्ठ लिपिक म्हणून. टेबल खिडकीजवळ मिळाले. काम आवक-जावकचे. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि ज्याचे त्याच्याकडे पाठवायचे. सयाजीराव म्हणून वरिष्ठ लिपिक आहेत, निवृत्तीला आलेले, तोंडात कायम पान. मी घाबरलेली दिसले असेन. ते म्हणाले, बाई, निवांत ऱ्हावा, आपल्या खात्यात कालव्यापेक्षा कागदातनंच जास्त पाणी वाहतंय. सगळे हसले. मलाही हसू आले.

दुपारी त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, प्रसेनजीत चांगला माणूस होता. एवढेच. बरे वाटले, कारण त्यापुढे मला काही बोलावे लागले नाही.

ते म्हणजे माझ्या मुलीचे, साक्षीचे पप्पा. याच खात्यात चंदगडला कालवा निरीक्षक होते. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात कालव्याचे दार बघायला गेले आणि वाहून गेले. तिसऱ्या दिवशी सापडले. त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतले, त्याचा हुकूम आता आला. माझा भाऊ धम्मपालदादा मलकापूरला शिक्षक आहे. त्याने येऊन घर बघून दिले, सामान लावून दिले आणि ही डायरी दिली. म्हणाला, तू बोलत तर नाहीसच, रोज चार ओळी लिहीत तरी जा.

म्हणून लिहिते. आजचा दिवस चांगला गेला.


रविवार, ९ मे

घर आता घरासारखे दिसू लागले. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्यावर पत्रा. मागचे दार परसात उघडते. परसात नळ, कपडे धुवायचा दगड आणि एक पेरूचे झाड. फाटकातून बाहेर पडले की उजव्या हाताला तलावाचा बांध दिसतो. संध्याकाळी तिकडून वारा येतो. चंदगडला मला पाण्यावरचा वारा नकोसा झाला होता. इथला आवडतो.

मालकीणबाई मीनाबाई वरच्या मजल्यावर राहतात. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा, पण माणूस मायाळू. पहिल्याच दिवशी भाकरी आणि खर्डा घेऊन आल्या. मी दारातच उभी राहिले, तर म्हणाल्या, अवो साक्षीच्या आई, पावण्यावानी उभ्या कशाला, बसा की, घर तुमचंच हाय. मी ऑफिसात असेन तेव्हा साक्षीला त्या बघणार आहेत. शाळेतून आणणेही त्यांनीच आपल्याकडे घेतले.

साक्षी आता तिसरीत जाईल. तिला एकच काळजी लागली आहे. काजू आपल्याला इथे कशी शोधणार?

काजू म्हणजे आमची मांजर. पप्पांनी तिला काजूच्या कारखान्यामागून जेवणाच्या पिशवीत घालून आणले होते. रंग भाजलेल्या काजूसारखा. शेपटीचे टोक दारात चेमटून वाकडे झालेले, आकड्यासारखे. पप्पा गेले त्या दिवसापासून तीही दिसली नाही. माझ्या थोरल्या नणंद, आक्का, म्हणाल्या की हरवली, सगळीकडे बघितली. क्वार्टर सोडताना साक्षीने पायरीवर खडूने लिहिले, काजू, आम्ही कळंब्याला गेलो. पावसात ते राहणार नाही हे मी तिला सांगितले नाही.


रविवार, १३ जून

काजू सापडली.

सकाळी साक्षी नळावर दात घासत होती. तिने हाक मारली ती अशी की मला वाटले पडली. धावत गेले. धुण्याच्या दगडावर मांजर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. त्या रंगाची मांजरे पुष्कळ असतात, म्हणून मी साक्षीला आधी धरून ठेवले. मग नुसते म्हणाले, काजू. तिने मान वळवली. खाली उतरली आणि माझ्या घोट्याला डोके घासले, तसेच, डावीकडून. शेपटीचे टोक आकड्यासारखे.

मी तिथेच दगडावर बसले आणि रडले. दोन वर्षांत मी लोकांसमोर रडले नव्हते. साक्षी मला शांत करत होती.

आवाज ऐकून मीनाबाई खाली आल्या. म्हणाल्या, ही चंदगडास्नं आली म्हणता? हाफ तिकीट काढून काय? साक्षी खूप हसली. मग मीनाबाई म्हणाल्या, मांजर एवढ्या लांब माणसामागनं येतंय व्हय कधी? दुसरी असंल बघा. साक्षीने त्यांना शेपूट दाखवली.

काजूचे अंग भिजलेले होते. मी टॉवेलने पुसले. टॉवेल तांबडा झाला. चंदगडची माती. तेवढ्या लांबून ती अंगावर घेऊन आली बिचारी.

बूथवर जाऊन दादाला फोन केला. तो म्हणाला, बघ, आता सगळे चांगलेच होणार. मलाही तसे वाटते.


शनिवार, १९ जून

काजू घरात रुळली. साक्षी शाळेतून आली की दप्तर टाकून तिला घेऊन बसते. तिला शाळेतले सगळे सांगते. वर्गातल्या कुणाला छडी बसली, कुणाचा डबा सांडला. इतके मला सांगत नाही.

दोन गोष्टी लिहून ठेवते. काजू दूध पीत नाही. बशी हुंगते आणि बाजूला होते. बाजारातून सुकट आणली, तीही तशीच राहिली. तरी वाळलेली नाही. उंदीर खात असेल. दुसरे म्हणजे, ती ओरडत नाही. पूर्वी पहाटे दूधवाल्याच्या सायकलीवर ओरडायची. आता तोंड उघडते, आवाज येत नाही. वाटेत काही सोसले असेल.

तीन-चार दिवस पावसाने उघडीप दिली आहे. परस वाळले. आज दुपारी ती फाटकातून आत आली तेव्हा पोटाखाली चिंब होती. पायांना तांबडा चिखल.

इथली माती काळी आहे.


शुक्रवार, २५ जून

आज एक वेडेपणा झाला.

ऑफिसातून आले, साडी बदलली. मागचे दार उघडे होते. काजू आत आली आणि मी सवयीने स्टोव्ह पेटवून चहाचे आधण ठेवले. दोन कपांचे. पाणी उकळेपर्यंत माझ्या लक्षातच आले नाही.

चंदगडला रोज असे व्हायचे. पप्पा यायच्या वेळेला काजू रस्त्याखालच्या मोरीपर्यंत जाऊन बसायची. ते दिसले की वळायची आणि त्यांच्या पुढे पुढे चालत घरी यायची. ते तिला म्हणायचे, आमच्या साहेबांची पायलट गाडी. काजू आत आली की मी चहा टाकायचा. चहा होईपर्यंत ते नळावर पाय धूत असायचे. मी हाक मारली नाही, त्यांनी घंटी वाजवली नाही, असे पाच वर्षे चालले.

साक्षी अभ्यासाला बसली होती. पातेल्यात बघून म्हणाली, पप्पांचा पण केलास?

मी म्हणाले, चुकून झाला. ती म्हणाली, चुकून नाही, काजू आली ना.

जास्तीचा चहा मी मोरीत ओतला. ओतताना परसातला नळ सुरू झाल्याचा आवाज आला. जाऊन बघितले. नळ बंद होता. खालची फरशी ओली होती.


गुरुवार, १ जुलै

पाच दिवस लिहिले नाही.

मंगळवारी फाटकाच्या आत पावलाचा ठसा होता. गमबूट. खाली आडव्या रेघा असतात तसा. मला वाटले मीटर बघायला कुणी आले असेल. काल नळाजवळ. आज पेरूच्या झाडाशी, आणि एक पायरीच्या खाली, टाच फाटकाकडे, चवडा दाराकडे. बाहेर जाणारा एकही नाही. सगळे तांबड्या चिखलाचे.

मीनाबाईंना विचारले की मागून कोण येते का. त्या म्हणाल्या, कोण येतंय, माझ्या डोळ्यादेखत कुत्रं शिरत न्हाय. मग म्हणाल्या, साक्षीच्या आई, जेवता न्हवं नीट?

फडक्याने ठसे पुसले. त्याला वास होता. शेवाळ आणि गाळ. कालव्याचे पाणी सोडतात त्या दिवशी पप्पांच्या कपड्यांना यायचा तो. मी फडके टाकून दिले नाही. का, ते माहीत नाही.


रविवार, ४ जुलै

आक्का आल्या होत्या. त्यांच्या भावाचा दुसरा स्मृतिदिन जवळ आला आहे, त्या दिवशी वंदनेला कुणाकुणाला बोलवायचे ते ठरवायला. तांदूळ आणि आमसुले घेऊन आल्या. जेवण झाले. साक्षी वर मीनाबाईंकडे टीव्ही बघायला गेली. आक्का मागच्या दारात सुपारी कातरत बसल्या. मी त्यांना म्हणाले की तुम्हाला सांगायचे राहिले, काजू सापडली. तेवढ्यात ती फाटकातून आत आली.

आक्कांच्या हातातून अडकित्ता पडला. म्हणाल्या, दार लाव. मी लावले.

मग त्यांनी खरे सांगितले. काजू हरवली नव्हती. कालव्याच्या जाळीला पप्पा सापडले तेव्हा त्यांच्या रेनकोटच्या आत, छातीशी, काजू होती. वरून बटणे लावलेली. ती पाण्यात पडली म्हणून ते उतरले, का दोघे एकदमच गेले, कुणाला माहीत नाही. माणसांनी तिथेच बांधाला खड्डा काढून तिला पुरले. आक्कांनी आपल्या हाताने माती लोटली. म्हणाल्या, पोरीला काय सांगायचं, म्हणून हरवली म्हटलं.

मी म्हणाले, मग ही दुसरी असेल. त्या म्हणाल्या, शेपूट बघितलीस न्हवं? बघितली होती.

मग त्या म्हणाल्या, तूच बोलावलंस की गं त्याला.

मला कळेना. त्यांनी सांगितले. पप्पांना उचलून दाराबाहेर काढले तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते. उंबरा ओलांडला तशी मी म्हणाले, या लवकर. रोज सकाळी म्हणायचे तसे, त्याच आवाजात. बायका रडत होत्या त्या गप्प झाल्या. आक्कांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मला यातले काही आठवत नाही.

बाहेर पडणारा येतो म्हणतो, घरातला या म्हणतो. जातो कुणी म्हणत नाही, आणि आपल्या माणसाला जा तर कुणीच म्हणत नाही. फक्त मयताच्या घरातून माणसे न बोलता उठतात. तिथे येतो म्हणायचे नाही आणि या म्हणायचे नाही. हे सगळ्यांना माहीत असते. मलाही होते. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आम्हाला भूतखेत, नवस, अंगात येणे यातले काही मानायला शिकवले नाही. मी मानत नाही. पण हे मानण्यातले नाहीच. तोंडाची सवय आहे.

आक्का म्हणाल्या, ज्यानं बोलावलं त्यानंच सांगायचं. दार लावून घ्यायचं आणि आतनं जा म्हणायचं. माझा भाऊ हाय त्यो, मला काय ग्वाड वाटतंय व्हय हे सांगताना? पण पोरगी हाय घरात.

राहणार होत्या, राहिल्या नाहीत. जाताना येते म्हणाल्या नाहीत. चपला घातल्या आणि मागे न बघता गेल्या.


मंगळवार, ६ जुलै

काजू आली. पायरीवर पाणी ठिबकल्याचा आवाज आला. दाराच्या फटीखालून ओल आत आली, तांबडी.

मी दाराशी गेले. एक शब्द म्हणायचा होता.

सात वर्षे संसार केला. एकदाही त्यांना जा म्हणाले नाही. भांडणातसुद्धा नाही. तोंडात शब्द आला आणि मी गिळला.

खरे लिहिते. मला ते यायला हवे आहेत.

चहा टाकला. दोन कप. दुसरा पायरीवर ठेवला. नंतर बघितले तर रिकामा होता, तळाशी गाळ.


शनिवार, १० जुलै

माझी चूक झाली. ते माझ्यासाठी येत नाहीत.

शनिवारची सकाळची शाळा. मीनाबाई आणायला गेल्या तर साक्षी नव्हती. शोधत बांधावर गेल्या. साक्षी तलावाच्या पायऱ्यांवर उभी होती, पाणी गुडघ्याला लागलेले. काजू तिच्या पुढे. मीनाबाई म्हणाल्या, मांजर कुठं होतं माहीत हाय? पाण्यात. पोटापर्यंत पाण्यात उभं, आणि हिच्याकडं बघतंय. मीनाबाईंचा आवाज आज खाली आला होता.

साक्षीला जवळ घेऊन विचारले. ती म्हणाली, काजू पुढे चालते, मी मागे. पप्पा तिथे खाली असतात. त्यांना दार सापडत नाही म्हणून मला बोलावतात. आई आत घेत नाही म्हणाले.

तिचे केस विंचरले. मुळाशी तांबडी माती.


रविवार, ११ जुलै

दादाला फोन केला. सगळे सांगितले नाही, साक्षीला थोडे दिवस तुझ्याकडे ठेव एवढेच. तो म्हणाला लगेच घेऊन ये.

दोघी स्टँडवर गेलो. मलकापूरकडची एस.टी. बंद. रस्त्यावर पाणी आहे. कंट्रोलर म्हणाला, बाई, पाणी उतरल्याशिवाय गाडी न्हाय, बसून काय उपेग न्हाय, घरला जावा.

घरी आलो. काजू आधीच पायरीवर होती.


मंगळवार, १३ जुलै

पाऊस थांबत नाही. साक्षीला माझ्या पदराला बांधून ठेवल्यासारखी ठेवली आहे. ऑफिसात घेऊन गेले. सयाजीरावांनी तिला शिक्का मारायला दिला.

ती खिडकीतून खाली बघत म्हणाली, काजू खाली थांबली आहे.

उद्या म्हणणार. जा म्हणणार. साक्षीला शाळेत पाठवते. शाळेत सगळ्यांत असेल, मीनाबाई आणतील, हात सोडू नका म्हणून बजावले आहे. मी रजा टाकली. ती घरात नसताना हे मिटवायचे. मग रडायचे ते रडेन.


बुधवार, १४ जुलै

झाले. म्हणाले.

दुपारी काजू आली. चिंब. आत येऊन दाराकडे तोंड करून बसली. मी दार लावले, कडी घातली. पत्र्यावर पाऊस असा होता की माझाच श्वास मला ऐकू येत नव्हता.

दार हलले. बाहेरून ढकलल्यासारखे. मग कडी वाजली. पुन्हा ढकलले, पुन्हा. ते कधी असे ढकलत नसत. घाईत होते.

मी दाराला दोन्ही हात लावले आणि म्हणाले, जा.

कडी वाजत राहिली. मी ओरडले. जा. जा.

मग थांबले.

पायरीवरून पावले उतरल्यासारखे वाटले. मी खाली बसले. संपले असे वाटले. मोकळे वाटले, आणि त्याचीच लाज —

वळून बघितले तर काजू खोलीत नव्हती. दार लावलेले, खिडकी लावलेली. बसली होती तिथे फक्त पाणी.


बुधवार, संध्याकाळ

मीनाबाई आत्ता खाली आल्या. हातात डबा. म्हणाल्या, साक्षीला थालीपीठ आणलंय, भुकेली असंल.

मी म्हणाले, साक्षी कुठे आहे?

त्या हसल्या. म्हणाल्या, अवो, पावसानं शाळा दुपारीच सोडली की. मीच घिऊन आले. फाटकाच्या आत सोडली, म्हटलं जा आईकडं मागल्या दारानं, मी थालीपीठ लावून येते. तुमचं मांजर आलंवतं तिला न्यायला, फाटकापतुर. पुढं मांजर, मागं ही.

पुढे मांजर —

मी तुम्ही म्हणाले नाही. तू म्हणाले नाही. नाव घेतले नाही. नुसते जा. दोघांना सारखेच —

पायरीवर बुटाचा ठसा आहे. शाळेचा, लहान. काळा चिखल. आमच्या इथला. दाराकडे येणारा, आणि फाटकाकडे जाणारा.

तिने आई म्हणून हाक मारली असेल. पावसात मला —


गुरुवार

बांधाच्या पायऱ्यांवर छत्री सापडली. मिटून नीट ठेवलेली.

माणसे गळ टाकून बघत आहेत. पोलीस येऊन गेले. सयाजीराव दिवसभर भिजत तिथे उभे होते. मला आत बसा म्हणाले.

दादा निघाला आहे, रस्ता अजून —

सगळे विचारतात ती तिकडे का गेली असेल. मी सांगत नाही.


शुक्रवार

माणसे जेवायला गेली. मीनाबाई रात्रभर माझ्याजवळ होत्या, आता वर जाऊन पडल्या. घरात मी एकटी. पाऊस थांबला आहे. सगळे ऐकू येते.

मागचे दार उघडे ठेवले आहे. कडी मी काढून टाकली, पकडीने, खिळ्यांसकट.

काजू आली.

आत येऊन बसली. माझ्याकडे बघत नाही. दाराकडे.

फाटक वाजले. पावले परसातून येतात. गमबूट नाहीत. हलकी आहेत. मधे मधे थांबतात, दगडावर चढून उतरल्यासारखी. साक्षी तशीच येते.

ती कशी झाली असेल ते मी बघणार नाही असे ठरवले होते. पण ती माझी आहे. मी तिला दारातून परत —

पाय धुतल्याचा आवाज.

ये. म्हणाले. मोठ्याने म्हणाले. ये बाळा, ये.

दोन दिवस पाण्यात आहे, गारठली असेल. स्टोव्ह पेटवला. मोठे पातेले भरून पाणी ठेवले. तिचा फ्रॉक दोरीवर वाळला आहे, तो काढते आणि